सोमवारपर्यंत

चार मुलींची लीडर म्हणून चर्चच्या समितीने माझी नेमणूक केली तेव्हा मी एकसष्ट वर्षांची होते आणि घरात बोलायला कोणी नव्हतं. हे दुसरं कारण मी समितीला सांगितलं नाही. समितीला सांगितलं ते असं, की केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात चौतीस वर्षं काढली आहेत, फाइल सांभाळता येते, माणसं सांभाळता येतात आणि नियम म्हणजे नियम हे मला पटवून द्यावं लागत नाही. समितीतले सगळे माझ्याहून लहान. त्यांनी माना डोलावल्या आणि एक स्पायरल बायंडिंगची पुस्तिका माझ्या हातात ठेवली.

मुली फिलिपीन्सच्या. एकोणीस ते बावीस वयाच्या, शिक्षण मध्येच थांबवून एक वर्ष परदेशात सेवा करायला निघालेल्या. त्यांच्याकडे त्यांना मिशनरी म्हणतात. इथे सोसायटीच्या फॉर्मवर आम्ही 'स्वयंसेवक' लिहिलं. तरी आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीने लिफ्टमध्ये मला गाठून विचारलंच, "मॅडम, ये लड़कियां करती क्या हैं? कन्वर्जन वगैरह तो नहीं?" मी म्हटलं, "भाईसाहब, इनसे ऑटोवाला तो कन्विन्स होता नहीं." ते हसले. मग त्यांनी मला मी केरळची का असं विचारलं. मराठी म्हटल्यावर म्हणाले, "मराठी भी और क्रिश्चन भी? अच्छा!" जन्मापासून दिल्लीत आहे, हा 'अच्छा' मी इतक्यांदा ऐकला आहे की आता मी त्याला उत्तर देत नाही.

फ्लॅट माझ्या मुलाचा. त्याने गुरुग्राममध्ये चौदाव्या मजल्यावर तीन बेडरूम घेऊन ठेवल्या आणि स्वतः टोरांटोला गेला. आम्ही दोघं नवराबायको आर. के. पुरमचं क्वार्टर सोडून इथे आलो आणि वर्षभरात हे गेले. मुलाला मी हॉस्पिटलमधूनच फोन केला होता, हे शुद्धीवर असतानाच. तो म्हणाला, बर्फ आहे, फ्लाइट्स रद्द आहेत, आणि प्रोजेक्ट अगदी शेवटच्या टप्प्यावर आहे. दफनविधी त्याने व्हिडिओवर पाहिला. यांच्या ऑफिसातल्या एकाने मोबाइल धरला होता आणि मध्येच त्याचा हात दुखला म्हणून त्याने हात बदलला, तेवढा वेळ माझ्या मुलाला नुसतं आभाळ दिसलं असणार. मी त्याला कधी काही बोलले नाही. पण मनातून ते गेलं, असं मी म्हणणार नाही.

त्यामुळे जानेवारीत या चौघी ढीगभर बॅगा घेऊन दारात उभ्या राहिल्या, तेव्हा मला काय झालं हे सांगायला नको. सकाळी बाथरूमसाठी रांग, बाल्कनीत ओल्या टॉवेलांची गर्दी, फ्रिजमध्ये कोणाचं काय ते कळू नये अशी भांडी. मी दिवसभर ओरडत असे आणि मला फार बरं वाटत असे. सकाळी त्या विशेष मुलांच्या शाळेत शिकवायला जात, शनिवारी एका वृद्धाश्रमात आणि रविवारी चर्चमध्ये गात. मला काय म्हणून हाक मारायची यावर पहिल्या दिवशी चर्चा झाली. 'सिस्टर' मला नको होतं, 'मॅडम' ऑफिसात भरपूर झालं होतं. मी 'मावशी' शिकवलं.

पुस्तिकेतला सर्वांत कडक नियम फोनचा. स्मार्टफोन लीडरकडे जमा करायचे, घरी बोलायचं ते आठवड्यातून एकदा, सोमवारी तीन ते पाच. मुलीचं लक्ष सेवेत राहावं, ती घराच्या आठवणीने झुरू नये, हा हेतू. सोमवारी मी कपाटातून चार फोन काढून द्यायची आणि स्वयंपाकघरात जाऊन बसायची. चार कोपऱ्यांतून हसणं, रडणं आणि एक न कळणारी भाषा येत राहायची. मी उगाच शेंगदाणे भाजत असे. माझा फोन रविवारी यायचा, दहा मिनिटं. बीपी काय म्हणतंय, बाई येते का, ओके आई, ठेवतो.

चौघींतली धाकटी मला जास्त आवडायची. लीडरने असं करू नये. पण ती माझी चिंचेची आमटी वाटीने प्यायची, त्यांच्या घरी अशीच आंबट भाजी करतात म्हणे. तिचे वडील दोन बेटांमध्ये प्रवासी बोट चालवायचे. तिच्या आईला तिचं इकडे येणं पसंत नव्हतं, वडिलांनी मात्र चर्चमध्ये उभं राहून सगळ्यांसमोर मुलीला आशीर्वाद दिला होता. हे ती मला पोळ्या लाटताना सांगायची. पोळ्या तिला जमत नसत, सांगणं जमायचं. संध्याकाळी मी बाजारात निघाले की चपला घालून ही आधी दारात. माझ्या मुलाच्या लहानपणानंतर माझ्याबरोबर भाजी आणायला कोणी आलं नव्हतं.

एप्रिलमधल्या एका शुक्रवारी दुपारी, मुली शाळेत असताना, माझ्या फोनवर तिच्या आईचा मेसेज आला. इंग्रजी मोडकं होतं, मजकूर स्पष्ट होता. हिच्या वडिलांना हृदयविकाराचा झटका आला आहे, आयसीयूत आहेत, शुद्धीवर आहेत, मुलीचा आवाज ऐकायचा म्हणतात. शेवटी 'प्लीज' तीनदा लिहिलं होतं.

मी पुस्तिका काढली. घरून तातडीची बातमी आली तर लीडरने प्रादेशिक कार्यालयाला कळवावं आणि त्यांच्या सूचनेप्रमाणे पुढे जावं, असं लिहिलेलं होतं. त्याखालीच दुसरी ओळ होती, की अपवादात्मक परिस्थितीत लीडरने स्वतः निर्णय घ्यावा. ती ओळ माझ्या नजरेतून सुटली असं मला म्हणता येत नाही, कारण तिच्याखाली माझ्याच पेन्सिलची रेघ होती. तरी मी कार्यालयाला ईमेल लिहिला. व्यवस्थित, मुद्देसूद, शेवटी 'आपल्या मार्गदर्शनाच्या प्रतीक्षेत'. ऑफिसात याला आम्ही केस पुट अप करणं म्हणायचो. एकदा कागद वर गेला की आपल्या टेबलावर काही राहत नाही. मिनिटाच्या आत आपोआप येणारं उत्तर आलं, कार्यालय आता सोमवारी उघडेल. मला ते आधीच माहीत होतं.

तिच्या आईला मी लिहिलं, 'मेसेज मिळाला. आम्ही प्रार्थना करत आहोत.' आम्ही म्हणजे मी एकटी.

चार वाजता मुली आल्या. धाकटीने ओट्यावरचं झाकण उचलून पाहिलं आणि आमटी दिसल्यावर टाळ्या वाजवल्या. मी तिला वाढलं. माझा हात नेहमीसारखाच चालत होता, याची मला आज किळस येते.

शनिवारी सकाळी आईचा दुसरा मेसेज आला. 'तिला सांगितलं का? ते विचारतात.' मी उत्तर दिलं नाही. त्या दिवशी वृद्धाश्रमात मुली गात होत्या, तेव्हा मी बाहेर येऊन माझ्या धाकट्या बहिणीला फोन केला. ती अजून आर. के. पुरमला असते. सगळं ऐकून ती म्हणाली, "ताई, अगं, वाट कसली बघतेस? फोन दे ना तिच्या हातात. नियम-बियम जाऊ दे यार."

"तसं चालत नाही गं. रिटन परवानगी आल्याशिवाय मी काही केलं तर उद्या माझ्यावर येईल."

"तू रिटायर झालीस, ताई. तुझ्यावर काय येणार आहे?"

मी तिला म्हटलं, तुला यातलं कळत नाही. आतून धाकटीचा आवाज येत होता. एका आजोबांचा हात धरून ती गात होती. त्यांचे दोन मुलगे दिल्लीतच असून फिरकत नाहीत, असं तिथली नर्स मला मागेच म्हणाली होती.

रविवारी जे झालं ते सांगणं माझ्या जिवावर येतं. आमच्या चर्चमध्ये उपासनेआधी आजारी माणसांची नावं पाळकसाहेबांकडे द्यायची असतात, मग ते वेदीपाशी उभं राहून एकेक नाव घेतात आणि सगळी मंडळी डोळे मिटून त्यांच्यासाठी प्रार्थना करते. मी चिठ्ठी दिली. नाव लिहिलं नाही. 'दूरच्या देशातील एक आजारी बंधू' एवढंच लिहिलं. पाळकसाहेबांनी ते वाचलं. मी डोळे उघडे ठेवले होते. धाकटी माझ्या पुढच्या बाकावर होती. तिने मान खाली घातली, हात घट्ट जोडले आणि स्वतःच्या बापासाठी, कोणासाठी ते माहीत नसताना, मनापासून प्रार्थना केली. 'आमेन' तर तिने सगळ्यांच्या आधी म्हटलं. तेव्हाही वेळ होती. बाकावरून पुढे वाकून तिच्या खांद्याला हात लावायचा, एवढंच काम होतं. मी गीताचं पुस्तक उघडलं.

सोमवारी सकाळी सात वाजता तिसरा मेसेज आला. ते रविवारी संध्याकाळी गेले.

ती बाल्कनीत केस वाळवत होती. मी तिला खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं. वाक्य मला पूर्ण करता आलं नाही, म्हणून मी माझा फोन तिच्या हातात दिला. तिने शेवटचा मेसेज वाचला, मग बोटाने वर सरकवून शनिवारचा वाचला, मग शुक्रवारचा. मग माझं उत्तर. 

"हे शुक्रवारचं आहे," ती म्हणाली.

"ऑफिसकडून उत्तर आलं नव्हतं," मी म्हटलं.

ती उठून आत गेली. बाकीच्या तिघी तिच्याभोवती जमल्या आणि दार लागलं. माझ्याच घरात मी त्या दाराबाहेर उभी होते, आणि ठोठावायचा धीर मला झाला नाही. कार्यालयाला मी मृत्यूची बातमी कळवली आणि दहा वाजता त्यांचा ईमेल आला. त्यांनी दुःख व्यक्त केलं होतं, तिकिटाची सोय करत असल्याचं लिहिलं होतं आणि अतिशय सौम्य भाषेत म्हटलं होतं, की अशा वेळी परवानगीची वाट पाहण्याची आवश्यकता नसते. चौतीस वर्षांत माझ्या कामावर असा शेरा कोणी मारला नव्हता.

मंगळवारी दुपारचं विमान होतं. तिघींना विमानतळावर घेऊन जायचा तिचा विचार होता, पण त्यांचा निरोप तिने घरीच घेतला आणि माझ्याबरोबर टॅक्सीत बसली. ती माझ्याशी बोलायला आली आहे असं मला वाटलं. हायवेवर गाड्या रांगत होत्या. अर्धा तास ती खिडकीबाहेर बघत होती. शेवटी मीच बोलले. मी तिला म्हटलं, ऑफिसच्या उत्तराचं मी बोलले ते नुसतं निमित्त होतं. निर्णय मला घेता येत होता. तुला कळलं असतं तर तू त्याच दिवशी निघाली असतीस, आणि गेलेली माणसं परत येत नाहीत हे मी पाहिलेलं आहे. तीन दिवस आणखी मिळावेत, एवढाच माझा विचार होता. विचार कसला, हव्यास होता. हे सगळं मी इंग्रजीत बोलले. मराठीत मला ते स्वतःशीही बोलता आलं नसतं.

 मला वाटलं, आता ती रागावेल, ओरडेल. मला ते हवं होतं. ती फक्त पासपोर्ट पुन्हा पुन्हा उघडून तपासत राहिली.

विमानतळाच्या दारापाशी जवान तिकीट बघूनच आत सोडतो, आपल्याला तिथेच थांबावं लागतं. मी तिची बॅग ट्रॉलीवर ठेवली. तिने ट्रॉलीचा दांडा धरला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं.

"मी गेले नसते," ती म्हणाली. "वर्ष पूर्ण करीन असं मी बाबांना वचन दिलं होतं. शुक्रवारी बोललो असतो तर त्यांनी तेच सांगितलं असतं, की राहा. मी त्यांच्याशी बोलले असते, फोनवर गायले असते आणि इथेच राहिले असते. डिसेंबरपर्यंत."

"आता परत येशील?"

तिने मान हलवली. नाही.

मागे रांग वाढत होती, एक कुटुंब ट्रॉल्या घेऊन आमच्या अंगावर येत होतं. मला माफी मागायची होती. कालपासून मी ते शब्द जुळवत होते. पण तोंडातून बाहेर पडलं ते भलतंच, दर वेळी मुलगा निघताना म्हणते तेच. "पोचलीस की फोन कर."

ती हो म्हणाली, कारण ती चांगल्या घरची मुलगी होती. मग जवानाला तिकीट दाखवून आत गेली. फोन आला नाही. मी कोणत्या तोंडाने त्याची वाट पाहावी, हे मला कळत नाही, तरी पाहते.