बारशाआधी अर्धा चेहरा

ये वं सूनबाई, सरक अशी जवळ. बंगलोरहून येणं होत नाही, तर या कागदाजवळ तरी बस. आत्याबाईंनं अर्धाच चेहरा पाहून पोरीचं नाव ठेवलं, असं सगळ्यांना हसत सांगत असतेस म्हणे. आता पूर्ण ऐक.

तुह्या नवऱ्याले बहीण नाही, म्हणून नाव ठेवायचा मान मले, त्याच्या आत्याले. अन् आमच्या घरची रीत अशी, की लेकराचा चेहरा पाहिल्याबिगर नाव ठरवत नाही. बारसं त्याच दुपारी, फोटो तुम्ही धाडला ईमेलवर, अन् माहा मोठा मोबाईल दुरुस्तीत. जवळ नुसता बटनांचा फोन. शेजारीण लग्नाले उमरेडले गेलेली. मंग गेली मी वस्तीतल्या वाचनालयात.

तिथला कम्प्युटर चालू होईपर्यंत माहा अर्धा पेपर वाचून झाला. ईमेल उघडायले गेली, तर पाटी आली, कनेक्शन सुरक्षित नाही.

"काहून वं, काय झालं याले?" तिथल्या बाईले विचारलं.

"उन्हात तापते म्हणून रोज दुपारी मेन स्विच बंद करतो, मावशी. आतला सेल गेला आहे, मंग तारीख मागं जाते, अन् तारीख चुकली की हे असं म्हणते."

कोपऱ्यात पाहते तर तुहा नवरा शाळेत होता तेव्हाची तारीख. ती मीच बदलली. तर दुसरी पाटी, तुमची सिस्टीम जुनी झाली.

"यात आता नवं काही बसत नाही, मावशी."

"माह्यातही नाही बसत. तरी चालून राहिली ना मी."

ती हसली अन् म्हणाली, खाली बारीक अक्षरात 'साधं पान' लिहिलं आहे, जुन्या कम्प्युटरवरही ते उघडते, ते दाबा. दाबलं.

फोटो वरून खाली उतरू लागला. कपाळ आलं, भुवया आल्या, मिटलेले डोळे आले. नाकापाशी येऊन अडकला. मी तशीच बसून राहिली. बाई म्हणे, बंद करायची वेळ झाली. तेवढ्यात तुहा फोन, "आत्याबाई, पाळणा सजला, सगळे थांबून राहिले."

कपाळ माह्या आईचं होतं. तेवढ्यावरून ठरवलं. तू पोरीच्या कानाले फोन लावला अन् मी नाव सांगितलं. हळूच सांगितलं, तिथं मोठ्यानं बोलायची मनाई.

मोबाईल आला तेव्हा खालचा चेहराही पाहिला. हनुवटी तुह्या माहेरची दिसते, पण फोटोवरून खात्री होत नाही. अन् नाव फोनमधून गेलं, माह्या तोंडून तिच्या कानात जायचं राहिलंच आहे. लवकर घेऊन ये तिले.