दादाजींच्या गिटारचा पिकअप

"याले आवाज पाहिजे," असं म्हणून दादाजींनी सागाची एक जाड फळी माझ्या टेबलावर ठेवली. फळीला सहा तारा ताणलेल्या होत्या आणि एका टोकाला लाकडी खुंट्या. मी एक तार छेडली. कानाजवळून मच्छर गेल्यासारखं वाटलं, बस.

"हे काय होय?" मी विचारलं.

"गिटार होय. विजेची."

"वीज कुठी आहे?"

"थेच तं तुमाले घालाची आहे."

पन्नासच्या दशकातली ही गोष्ट. मी चांद्याला जटपुरा गेटजवळ एका रेडिओच्या दुकानात मेकॅनिक होतो. मालक वासुदेवभाऊ समोर गल्ल्यावर बसत आणि मी मागे सोल्डरिंगच्या धुरात. रेडिओची दुरुस्ती वर्षभर चाले, पण आमची खरी कमाई हिवाळ्यात, लाउडस्पीकर भाड्यानं देण्यात. धान निघालं की गावोगाव शंकरपट भरत. शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती. मोटारीची बॅटरी, अॅम्प्लिफायर आणि दोन भोंगे घेऊन आम्ही जायचो.

दादाजी हे त्यांचं नावच; सिंदेवाहीकडे त्यांची आरा मशीन होती, लाकूड चिरायची. नागपूरला एका लग्नात त्यांनी हवायन गिटार पाहिली आणि त्या दिवसापासून त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं, असं त्यांच्या घरचे सांगत. ही गिटार मांडीवर आडवी ठेवतात. डाव्या हातात लोखंडी कांडी धरून ती तारांवर सरकवायची, उजव्या हातानं तार छेडायची. मग सूर घरंगळत जातो. दादाजींनी घरी येऊन उत्तम सागाची फळी निवडली, रंधली, पॉलिश केली, खुंट्या बसवल्या. काम देखणं होतं. फक्त फळी भरीव होती, म्हणून आवाज नव्हता.

"पोकळ काऊन नाई केली?" वासुदेवभाऊंनी विचारलं.

"विजेचीले पोकळ कायले लागते?" दादाजी म्हणाले.

हे बरोबर होतं. विजेच्या गिटारीत आवाज लाकडाचा नसतो, पिकअपचा असतो. पिकअप म्हणजे तारेची थरथर पकडून तिची वीज करणारा तुकडा. ती वीज अॅम्प्लिफायर मोठी करतो आणि भोंगा तिचा पुन्हा आवाज करतो. तो तुकडा चांद्यात कुठे मिळणार? मुंबईलाही मिळाला असता की नाही, शंका होती. म्हणजे दुकानातल्या सामानातूनच काहीतरी निवडायला हवं होतं.

"करून टाक," मालक मला हळूच म्हणाले. "त्यांचा साळा पटाच्या कमिटीचा मुख्य आहे."

आता कळलं. दादाजींच्या बायकोचे, गिरजाबाईंचे थोरले भाऊ म्हणजे शेजारच्या गावचे पाटील. त्या भागात शंकरपटाला लाउडस्पीकर कोणाचा लागेल, हे तेच ठरवत. शिवाय ते मेव्हण्याला चारचौघांत 'भुसाभाऊ' म्हणत. आरा मशीनच्या भुशावरून. यंदा पाटलांच्या पटावर गिटार वाजवून दाखवतो, असं दादाजी सगळीकडे सांगून बसले होते. त्यांचं नाव पणाला होतं, आमचा सीझन पणाला होता.

पहिल्यांदा मी ग्रामोफोनचा क्रिस्टल लावला. रेकॉर्डवर सुई फिरते, त्या सुईमागे हा लहानसा खडा असतो. तो हलला की वीज देतो. मी तो फळीच्या पोटाशी घट्ट बसवला आणि दुकानाच्या दारावरचा भोंगा जोडला. दादाजी मांडी घालून बसले, फळी पोटाशी ओढली, कांडी सरकवली. सूर आला. गोड होता. आम्ही एकमेकांकडे पाहून हसलो.

तेवढ्यात बाहेर ढगांचा गडगडाट झाला. वासुदेवभाऊ दाराबाहेर ठेवलेले रेडिओचे खोके आत घ्यायला धावले. आकाशात ढगाचा तुकडा नव्हता. खोके आत आणले तर पुन्हा गडगड. मग माझ्या लक्षात आलं. क्रिस्टलला तार आणि लाकूड यातला फरक कळत नाही. लाकडाला जे जे हलवेल, ते तो सांगतो. लाकूड दादाजींच्या पोटाला टेकलं होतं.

"सकाळी काय जेवले?" मी विचारलं.

उत्तर गिरजाबाईंनी दिलं. त्या खरेदीसाठी सोबत आल्या होत्या आणि बाकावर बसून सगळं पाहत होत्या. "लाखोळीच्या दाळीचे वडे. नको नको म्हनलं तरी सुटले नाई."

क्रिस्टल काढला.

मग टेलिफोनची कार्बनची डबी लावली. टेलिफोनमध्ये आपण ज्यात बोलतो ती. तिच्यात कोळशाचे बारीक कण असतात. आवाजानं ते दाबले जातात आणि विजेत चढउतार होतो. आवाज भरपूर, पोटाची भानगड कमी. दादाजी खूश झाले आणि मन लावून वाजवू लागले. पण मन लागलं की त्यांना स्वतःशी बोलायची सवय होती, ती आम्हाला ठाऊक नव्हती. भोंग्यातून सगळ्या रस्त्याला ऐकू जाऊ लागलं.

"आता वर... हं, सरकली... आता खाली... वासुदेवभाऊनं अजून चा नाई सांगतला... कंजूस मानूस... आता वर..."

रस्त्यावरचे लोक थांबले. समोरचा सायकलवाला हातातला पंप सोडून पोट धरून बसला. वासुदेवभाऊ लालबुंद होऊन आत आले आणि चहा सांगितला.

"हेच राहू द्या," दादाजी म्हणाले. "आवाज जबरी आहे याचा."

"अजी, हे नको," गिरजाबाई म्हणाल्या. "घरी बी असेच पुटपुटतेत. पटावर माह्या भावाबद्दल काय निंगन तोंडातून, त्याचा भरोसा नाई."

डबी काढली.

शेवटी मी डिस्पोजलच्या पेटीत हात घातला. लढाई संपल्यावर लष्कराचं जुनं सामान बाजारात आलं होतं. त्यातला एक हेडफोन माझ्याकडे पडून होता. कानाच्या प्रत्येक डबीत एक लोहचुंबक आणि त्यावर केसासारख्या तारेची गुंडाळी असते. वरची पत्र्याची चकती काढून टाकली आणि तिथे गिटारची तार आणली, की तार हलताच गुंडाळीत वीज तयार होते. दोन्ही डब्या शेजारी शेजारी बसवल्या. अर्ध्या तारा एकीवर, अर्ध्या दुसरीवर. चुंबकाला लोखंडाशिवाय काही ऐकू येत नाही. पोट नाही, पुटपुट नाही. मेकॅनिकला आणखी काय हवं?

दादाजींनी तारा छेडल्या. वरच्या बारीक तारा घंटेसारख्या वाजल्या. खालच्या जाड तारा मुक्या.

"ह्या काऊन रुसल्या?"

"ह्या पितळेच्या आहेत. चुंबकाला पितळ कळत नाही."

जाड पोलादी तार पूर्ण चांद्यात मिळाली नाही. सतारवाल्यांकडेही पितळच होतं. अखेर समोरच्या सायकलवाल्याकडून ब्रेकची तार आणली, पिळाची, चांगली मजबूत. सगळ्यात खालच्या जागी ती ताणली, बाकीच्या पितळी तारांऐवजी बारीक पोलादी तारा लावल्या. आवाज भारी आला, घोगरा, थोडा रडवेला.

"हे कशावानी तरी वाजून राह्यली," गिरजाबाई म्हणाल्या. "याद नाई येत कशावानी."

आम्हालाही आठवलं नाही. दादाजींनी त्यांचं आवडतं भजन वाजवून दाखवलं. छान वाजलं. वासुदेवभाऊंनी दुसऱ्यांदा चहा सांगितला.

पटाच्या दिवशी आम्ही सकाळीच पोचलो. धान कापलेल्या बांध्यांमधून लांब पट्टी साफ केली होती. दोन्ही बाजूंनी माणसंच माणसं. एका वेळी एक जोडी हलक्या छकड्याला जुंपून सोडत आणि पंच घड्याळ लावत. पंच होते मडावीभाऊ, जंगलातल्या एका गोंडगावाचे वयस्कर. कमी बोलणारे. त्यांच्या शब्दापुढे कोणी जात नसे. मी एक भोंगा मंडपाजवळ बांधला, दुसरा पट्टीच्या दूरच्या टोकाला, जिथे शर्यत संपते. पुकारणाऱ्याचा माइक आणि गिटार एकाच अॅम्प्लिफायरवर होते.

पाटलांनी मेव्हण्याला बजावलं, "जवाई, जोड्या बदलतानी वाजवा. पट्टीवर जोडी असली का चूप."

दादाजींनी मान डोलावली. नियम त्यांनी पाळलाही. वाजवायचं म्हणून त्यांनी काहीच वाजवलं नाही. पाटलांची स्वतःची जोडी सुटली, सगळे उठून उभे राहिले, तेव्हा दादाजी फक्त कांडीला लागलेलं तेल पुसत होते. पुसलेली कांडी त्यांनी ब्रेकच्या तारेवर टेकवून एकदा सरकवून पाहिली.

"हंऽऽऽबाऽऽऽ!"

भरल्या मैदानावर गाय हंबरली. गिरजाबाईंना त्या दिवशी जे आठवत नव्हतं, ते हे.

पाटलांचे बैल भरधाव होते. ते थांबले. दोघांनीही एकदम मान वळवली आणि पट्टी सोडून जवळच्या भोंग्याकडे, मंडपाकडे निघाले. "अरे, कुठी चालले रे! अरे, हा, हा!" हाकणारा कासरे ओढत होता. बैल रमत गमत आले, भोंग्याखाली उभे राहिले आणि वर पाहू लागले. पांढऱ्यानं जीभ काढून भोंग्याचा बांबू चाटला.

पाटील धावत आले. "जवाई! माही जोडी हरवाले आनली का हे फळी?"

दादाजींना खरंच वाटलं, की बैल त्यांची कला ऐकायला आले आहेत. "पाटील, जनावराले सूर समजते. तुमाले नाई समजत, त्याले मी काय करू?"

वासुदेवभाऊंनी डोळे मिटून घेतले. पाटील माझ्याकडे वळले. "उचला तुमचे भोंगे! या इलाक्यात पुन्हा दिसाचं नाई!"

मडावीभाऊ शांतपणे चालत आले. त्यांनी बैलांकडे पाहिलं, भोंग्याकडे पाहिलं. "बैलाचा कसूर नाई," ते म्हणाले. "जोडी पुन्हा सोडा."

निकाल झाला, पण जोडी हलेना. ओढलं, ढकललं, पेंडीची ढेप दाखवली. बैल भोंग्याखाली ठाम उभे. गाय यातच आहे, ती बाहेर येईपर्यंत थांबायचं, असं त्यांनी ठरवलेलं दिसत होतं. लोक ओरडू लागले.

"मेकॅनिक, काई कर बाप्पा," वासुदेवभाऊ म्हणाले.

मी बांबूसकट भोंगा उपटला, खांद्यावर घेतला आणि तार मोकळी करत सुरुवातीच्या रेषेकडे चालू लागलो. "दादाजी, वाजवा!"

"भजन वाजवू का?"

"नाही! तेच!"

हंऽऽऽबाऽऽऽ. बैल माझ्या मागे निघाले. मी पुढे, खांद्यावर हंबरणारा भोंगा, मागे पाटलांची नावाजलेली जोडी, त्यामागे पाटील. तो रस्ता मला फार लांब वाटला. रेषेवर पोचलो तसा, निघताना मालकांना सांगितल्याप्रमाणे मी हात वर केला. वासुदेवभाऊंनी माझ्या भोंग्याची तार काढली आणि दूरच्या भोंग्याची तेवढी जोडून ठेवली. मडावीभाऊंनी झेंडी पाडली. त्याच क्षणी पट्टीच्या पलीकडच्या टोकाला गाय हंबरली.

बैल असे सुटले की हाकणाऱ्याला काही करायलाच उरलं नाही. तो नुसता छकडा धरून बसला होता. मडावीभाऊंनी घड्याळ पाहिलं, कानाला लावून चालू आहे का तपासलं आणि पुन्हा पाहिलं. त्या दिवशी इतक्या लवकर कोणतीच जोडी पोचली नव्हती.

लगेच भांडण सुरू झालं. बाकीचे बैलवाले म्हणाले, आमच्यासाठीही वाजलं पाहिजे. मडावीभाऊ म्हणाले, "वाजन. सगळ्याईसाठी वाजन." मग आधी धावलेल्या जोड्याही पुन्हा आणल्या गेल्या. दादाजी दुपारभर एकच तार छेडत बसले. काही बैल खूप धावले. काही मध्येच थांबून विचारात पडले. एक जोडी सरळ गावाकडे गेली, कारण तिकडून एका खऱ्या गाईनं उत्तर दिलं होतं. मध्ये थोडी उसंत मिळाली, की दादाजी भजनाची पहिली ओळ सुरू करत. लगेच गर्दीतून आवाज येई, "ते नको! गाय लावा, गाय!"

पहिला नंबर पाटलांच्या जोडीचा आला. बक्षीस घेतल्यावर पाटलांनी स्वतःच्या गळ्यातला हार काढून मेव्हण्याला घातला. "जवाई, तुमची फळी कामाची हाय," ते म्हणाले. आमच्याकडे न पाहता त्यांनी वासुदेवभाऊंना पुढच्या पटांच्या तारखा सांगितल्या. वासुदेवभाऊंच्या चेहऱ्यावर रंग परत आला.

लोक बैल सोडायला पांगले, तेव्हा दादाजींनी कोणाला न विचारता भजन सुरू केलं. ऐकायला आम्ही तिघंच होतो, मी, वासुदेवभाऊ आणि गिरजाबाई. उन्हं उतरली होती. त्यांनी फार चांगलं वाजवलं, सगळ्या कडव्यांसह. सूर कुठे ढळला नाही. संपल्यावर त्यांनी बायकोकडे पाहिलं.

"चांगलं वाजवलं जी," गिरजाबाई म्हणाल्या. "पन गाय जास्त चांगली होती."

दादाजींनी तोंड फिरवून फळी गुंडाळायला घेतली. पुढच्या हिवाळ्यात मात्र लांबलांबच्या गावांहून बोलावणी आली. सगळ्यांना लाउडस्पीकर 'गायवाल्यासकट' हवा होता. दादाजींनी आधी साफ नाही म्हटलं. मग एक अट घातली, पट सुरू होण्याआधी एक भजन होईल आणि ते होईपर्यंत बैल लांब बांधून ठेवतील. गावं कबूल झाली. आमची जोडी काही वर्षं चांगली चालली.

मी निवृत्त होऊनही बराच काळ झाला. अजून एखादा मुलगा गिटार जोडायला घेतो आणि विचारत येतो, काका, पिकअप कोणता घ्यावा? चुंबकाचा घे म्हणून सांगायला काही लागत नाही. पण त्याआधी मी विचारून घेतो, ऐकणार कोण आहे?