समुद्र डोक्यावर होता तेव्हा
भुयारी मेट्रोचा जिना उतरताना गार, ओलसर सिमेंटचा वास येतो आणि मला आई आठवते, परदेशातल्या एका गाडीत खिडकीशी बसलेली. तेव्हा मी तिकडे नोकरी करत होते आणि समुद्राखालून दुसऱ्या देशात जाणाऱ्या वेगवान गाडीनं तिला फिरायला नेत होते. बाहेर पिवळी शेतं सरकत होती, एकाएकी काळोख झाला, कानांत दडे बसले. गाडी पुढे जातेय की थांबलीय तेही कळेना. काचेत फक्त आम्ही दोघी तरंगत होतो. "आता समुद्र आपल्या डोक्यावर आहे," मी म्हणाले. जन्मभर प्रत्येक पुलावरून नदीत नाणं टाकत आलेल्या आईनं बटव्यातून रुपया काढला, छताकडे पाहिलं आणि तो परत ठेवून दिला. "पाणी खाली असलं की आपण द्यायचं. डोक्यावर असलं की त्यानं द्यायचं," असं म्हणून तिनं स्वेटरखालून पदर ओढून मांडीवर पसरला आणि डोळे मिटले. उजेड आल्यावर मी विचारलं, "काय मागितलंस?" "मागितलेलं सांगत नाहीत." परत ये, असं ती मला कधीच म्हणाली नव्हती. दोन वर्षांनी मी पुण्याला परतले. माझ्या मर्जीनं, असं मी सगळ्यांना सांगते. काल लेकीच्या व्हिसाचं काम उरकून आम्ही घरी येत होतो. मेट्रो मुठा नदीखाली शिरली तेव्हा ती फोनमध्ये गुंग होती. मुठेला पाणी ते किती, तरी मी हळूच ओढणी मांडीवर पसरली.