पंचच्या आधी येणारं हसू

माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नव्हता. सायन्सची पदवी आहे, बी.एड. आहे, आणि गावात कुणाच्या अंगात आलं की मी घरी येऊन आईला त्याची नक्कल करून दाखवायचे. त्या नकलांनीच पुढे माझा घात केला. मी स्टँड-अप कॉमेडी करते. ‘कॉमेडीत करिअर’ हे मुलाखतीत म्हणायला बरं वाटतं... खरं म्हणजे सात वर्षं पुण्यातल्या कॅफेंच्या मागच्या खोल्यांत, कॉफी मशीनच्या घरघरीवर आवाज चढवून, समोरच्या बारा जणांना हसवत आलेय. त्यातले आठ जण आपला नंबर यायची वाट बघणारे कॉमेडियनच असतात.

आमचं गाव सेनगाव तालुक्यात. नाव सांगत नाही, अण्णा चिडतील. अण्णा म्हणजे माझे वडील. थोडी सोयाबीन, थोडी तूर आणि शेळ्या. मी शाळेतली नोकरी सोडून पुण्याला निघाले तेव्हा ते एवढंच म्हणाले, “लोकायला हसवून पोट भरतं व्हय?” त्यानंतर आमचं बोलणं म्हणजे “आलीस?” आणि “निघालीस?” त्यांच्याकडे साधा बटनांचा फोन. माझा एकही शो त्यांनी बघितलेला नाही, आणि मला ते बरंच होतं. कारण माझा सगळ्यात चालणारा जोक त्यांच्यावरच होता.

जोक असा — अण्णा मला पहिलीत घालायला शाळेत घेऊन गेले. गुरुजींनी विचारलं, “मुलीचं नाव काय लावायचं?” अण्णा म्हणाले, “काळी... चांदी... बंडी... मोरी...” सगळ्या शेळ्यांची नावं घेऊन झाली आणि मग म्हणाले, “थांबा गुरुजी, हिच्या मायला इचारून येतो!”

ही खरी घडलेली गोष्ट. मी तिथंच, त्यांचं बोट धरून उभी होते. माझं नाव गिरजा, पण घरात मला सगळे ‘बाई’ म्हणतात, त्यामुळे बाप नाव विसरला हे मलाही पटलं होतं. कंपन्यांच्या कार्यक्रमांत हा जोक हमखास चालायचा, त्याच्यावरच मला पैसे देऊन बोलवायला लागले. बापाला विकून खातेय असं वाटायचं. वाटायचं, आणि तरी पुढच्या शोला पुन्हा तोच जोक.

आता मुद्द्याचं. आमच्यात प्रत्येक जण आपला सेट, म्हणजे स्टेजवरची आपली दहा-पंधरा मिनिटं, फोनवर रेकॉर्ड करतो. स्टेजवर पाण्याच्या बाटलीशेजारी फोन ठेवायचा, दुसऱ्या दिवशी हेडफोन लावून ऐकायचं आणि हसू कुठं आलं, कुठं नाही याच्या वहीत खुणा करायच्या. गेल्या पावसाळ्यात मला एक गडबड लक्षात आली. “नाव काय लावायचं?” एवढं मी म्हणते न म्हणते तोच एक पुरुष हसतो. पंच, म्हणजे जोकचं शेवटचं हसवणारं वाक्य, अजून लांब असतो. जाडसर हसू, शेवटी खोकल्यात जाणारं. फोनच्या अगदी जवळ.

मी काय केलं असेल? घाबरले नाही. टायमिंग चुकतंय म्हणून जोक दुरुस्त करत बसले! कॉमेडियनची जात... पॉज वाढवला, वाक्य फिरवलं. ते हसू गुरुजींच्या प्रश्नामागोमाग बरोबर सरकायचं. सोबतचा पराग म्हणाला, “असेल गं पहिल्या रांगेतले कुणी काका.” मीही ते मानलं. पण मग नाशिकच्या रेकॉर्डिंगमध्ये तेच काका. मग एका मुलींच्या कॉलेजात भर दुपारी शो झाला, हॉलमध्ये औषधालाही पुरुष नव्हता. तिथल्या रेकॉर्डिंगमध्येही ते हसले, आणि मागे बारीक किणकिण होती. कुणाच्या तरी किल्ल्या असतील, असं मी स्वतःला सांगितलं.

दिवाळीनंतर मात्र माझ्यातलं त्राण संपलं. घाबरून नाही, थकून. तीच बस, तोच जोक, आयोजकांचं “तुम्हाला थोडं नंतर घेतो” हेच वाक्य. सेनगावच्या शाळेत पुन्हा जागा निघाली होती, सोमवारी हजर व्हायचं होतं. मी सामान आवरलं आणि घरी आले. अण्णा म्हणाले, “आलीस?”

दुसऱ्या दिवशी दुपारी ओट्यावर बसून मी फोनमधली रेकॉर्डिंग पुसत होते. शेजारी आई ज्वारी निवडत होती. बोट लागून एक रेकॉर्डिंग सुरू झालं. माझा आवाज, गुरुजी, आणि ते हसू.

आईचे हात थांबले. “हे कव्हा गेल्ते तिकडं?”

“कोण?”

“तुझे अण्णा. त्यायचंच हसनं हाय की हे.”

अण्णा असे हसलेले मला आठवतच नव्हते. मी तसं म्हटल्यावर आईने आवाज खाली केला. “पावसाळ्यापासून चालू हाय. दिवेलागनीला शेळ्या बांधता बांधता एकटेच हसून राहिले. एकदा तर दुपारी, तुरीत. म्या घाबरून हिंगोलीला दाखवून आणलं. डॉक्टर म्हनला, तब्येत बराबर हाय. आत्ताची काळी शेळी व्याली त्या दिशी बी तेच. म्हून तर तुला फोन केल्ता, तू उचलला न्हाई.”

मी फोनमध्ये पाहिलं. आईचा तो न उचललेला कॉल नाशिकच्या शोच्या दिवशीचा होता, जोक संपल्यावर दहाएक मिनिटांनी आलेला. सगळ्या तारखा जुळल्या असं मी म्हणणार नाही. आईला बाकीचे दिवस आठवेनात.

अण्णा शेळ्या घेऊन आले. काळीच्या गळ्यातली घंटी किणकिणली. कॉलेजच्या रेकॉर्डिंगमधली किणकिण हीच. मी सरळ विचारलं, “अण्णा, एकटेच काहून हसता?”

ते ओशाळले. दावं बांधत म्हणाले, “काय सांगू बाई. मधीच कानात गलका येतो. लई मानसं बसून हसल्यावानी. त्यात तुझ्याच आवाजात गुरुजी इचारते, नाव काय लावायचं. मंग मला हसू येतं. फुडचं काई ऐकू येत न्हाई.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “तूच सांगून राहिली ना ते? फुडं काय सांगतीस?”

सात वर्षांत इतकी वाईट ऑडियन्स मला मिळाली नव्हती. तरी सांगितलं. शेळ्यांची नावं सांगितली, ‘हिच्या मायला इचारून येतो’ही सांगितलं. अण्णा हसले नाहीत.

“नाव ठावं व्हतं मला,” ते म्हणाले. “माझ्या मायचं नाव हाय ते. तुझ्या आत्यानं तुला ठेवलं. चार लोकात, खुर्चीवर गुरुजी बसलेला... मायचं नाव तोंडातून येईना. म्हून येड्यावानी शेळ्यायची नावं घेत बसलो. त्याचंच हसू येतं.”

आजी मी जन्मायच्या आधीच गेली. गावात तिला सगळे ‘थोरली’ म्हणत. तिचं नाव मी कुणाच्या तोंडून कधी ऐकलंच नव्हतं, आणि मला घरात ‘बाई’ का म्हणतात हेही कधी विचारलं नव्हतं. मी तिथंच ओट्यावर रडले. अण्णा शेळ्यांना पाणी दाखवायला गेले.

सोमवारी मी शाळेत हजर झाले नाही. मंगळवारी निघताना अण्णा म्हणाले, “सांगायची तर पुरी सांगत जा.”

आता पुरी सांगते. लोक आधी हसतात, मग गप्प होतात. आयोजकांना हे फारसं आवडत नाही. रेकॉर्डिंगमधलं ते हसू अजून येतं, तिथंच, पंचच्या आधी. ध्वनिमुद्रण शिकलेल्या एका मित्राने ऐकलं आणि खांदे उडवले. कुणाला काही सुचत असेल तर जरूर सांगा, मी विचार करणं सोडलंय.

परवा शो आटपून खोलीवर पोचले तोच आईचा फोन आला. “आज हसले न्हाईत ते. तुझा कार्यकरम नव्हता व्हय?”

होता, आई. आज कुणीच हसलं नाही.