पुसता येणाऱ्या खुर्च्या

हे सगळं माझ्या मोठ्या जाऊबाईंमुळे झालं, म्हणून आधी त्यांचंच सांगते. मी त्यांना वहिनी म्हणते. त्या देवासच्या एका शाळेत गणित शिकवतात, आणि मी कुक्षीच्या शाळेतून आठवीनंतर नाव काढलेली. हा फरक त्यांनी मला आजवर एकदाही जाणवू दिला नाही. मला तो रोज जाणवतो, तो भाग वेगळा.

आमच्याकडे जेवणाच्या टेबलाला सहा सागवानी खुर्च्या आहेत, सासऱ्यांनी निवृत्त होताना सुताराकडून करून घेतलेल्या. बैठकांवर दुधी रंगाचं कापड होतं. सासूबाई त्याला फार जपायच्या. लग्न होऊन आले तेव्हा पहिले सहा महिने मी खुर्चीच्या नुसत्या कडेवर बसून जेवले, डाग पडला तर काय, ह्या धास्तीने.

मागच्या हिवाळ्यात माझी आई आली. कुक्षीहून धार, धारहून इंदूर, तिथून देवास. मांडीवर मक्याच्या पिठाची पिशवी. तिचा उजवा हात दोनेक वर्षांपासून थरथरतो. विचारलं की म्हणते, हात नाचतोय, मी थोडीच नाचतेय. दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या हातून आमटीची वाटी निसटली आणि सगळं पिवळं तिच्या मांडीवरून खुर्चीवर. सासूबाई लगेच म्हणाल्या की असू द्या, त्यात काय एवढं. मनापासून म्हणाल्या. पण हळद ती हळद. मी दोनदा साबण लावून घासलं, तर डाग आणखी पसरला. संध्याकाळी पानं घेतली तेव्हा आईच्या खुर्चीवर चौपदरी टॉवेल घातलेला होता.

त्यात वाईट हेतू नव्हता, हे मी आजही सांगेन. पण आईने टॉवेलकडे पाहिलं आणि मला भूक नाही म्हणाली. सकाळी तिला एकदम आठवलं की शेजारणीकडे काही कार्य आहे. चार दिवसांसाठी आलेली बाई तिसऱ्या दिवशी परत गेली.

त्यानंतर फोनवर मी विचारायची, केव्हा येतेस? ती म्हणायची, पाहू पुढे. मी कुक्षीला जाऊन येत होते, नाही असं नाही. पण मला ती माझ्या घरात हवी होती. माझ्या हातची पोळी खाऊन, दुपारी माझ्या खिडकीशी पाय पसरून, बाजाराच्या आणि कापसाच्या गाड्यांच्या गोष्टी सांगत बसलेली. हे सासूबाईंना कसं सांगणार? खुर्च्या त्यांच्या. टॉवेलचा विषय काढला असता तर तक्रार केल्यासारखं झालं असतं. मी कोणालाच बोलले नाही, वहिनींनाही नाही.

मग एका सकाळी शाळेच्या घाईत वहिनींच्या हातून चहाचा कप खुर्चीवर पालथा झाला. इतक्या वर्षांत मी त्यांच्या हातून थेंब सांडलेला पाहिला नव्हता. आठवड्याने परत तेच. तेव्हा त्या सासूबाईंना म्हणाल्या की आता हे कापड जपणं माझ्याच्याने होत नाही, रेक्झिन लावून टाकू, पुसलं की झालं.

"दवाखान्यातल्या बाकासारखं दिसेल गं," सासूबाई म्हणाल्या.

"मग बरंच की. जेवून लोक वेळेत उठतील."

सासूबाई हसल्या आणि तपकिरी आणा म्हणाल्या. मी वहिनींकडे पाहत राहिले. त्या डबा भरत होत्या. कप सांडला की सांडवला, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

दुकानात वहिनींनी दुकानदाराला एकच विचारलं, "भिया, दिखने का छोड़ो, हल्दी जाएगी क्या?" त्याने उत्तर न देता आपल्या कचोरीची चटणी रेक्झिनच्या तुकड्यावर फासली आणि फडक्याने पुसून दाखवली. पिना ठोकायचं मशीनही दोन दिवस वापरायला दिलं.

रविवारी पेचकसने स्क्रू सोडवून आम्ही सगळ्या बैठका काढल्या. हाताने केलेल्या, एकीची दुसरीत बसत नाही. म्हणून वहिनींनी प्रत्येकीच्या खाली आणि तिच्या खुर्चीवर खडूने एकच नंबर घातला. मग त्या आंघोळीला गेल्या. तेवढ्यात मी बैठका उलट्या करून ओल्या फडक्याने लख्ख पुसल्या, नंबरांसकट. धूळ होती हो. नव्या कापडाखाली धूळ कशी ठेवायची? वहिनी आल्या, बैठकांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ह्या म्हणणार, आठवीच शेवटी. त्या खाली बसून हसत सुटल्या. "अगं, माझा अख्खा तास पुसलास तू."

दुपारपर्यंत आम्ही एकेक बैठक एकेका खुर्चीत घालून बघत होतो. मग रेक्झिन ताणायचं: आधी चारी बाजूंना मधोमध एकेक पिन, नंतर सरकत सरकत कोपऱ्यांकडे, आणि कोपऱ्यात निरीसारखी चुणी. वहिनींचे कोपरे फुगत होते. माझे बसले. त्यांनी मशीन माझ्या हातात दिलं आणि स्वतः नुसत्या धरून बसल्या. शेवटच्या बैठकीचं जुनं कापड निघालं तेव्हा पिवळा डाग खालच्या फोमपर्यंत उतरलेला दिसला. माझे हात थांबले.

"आता बोलाव त्यांना," वहिनी म्हणाल्या. बाकी काही नाही. म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं.

फोनवर आईने विचारलं, सगळ्याच खुर्च्या बदलल्या का? मी म्हटलं, सगळ्याच, वहिनी फार सांडतात. ती म्हणाली, "मास्तरीण असून?"

ती आली. दुसऱ्या दिवशी कढी सांडलीच. मी उठणार, तोच टेबलाखाली वहिनींचा हात माझ्या गुडघ्यावर आला आणि तिथेच राहिला. आईने फडकं ओढलं, मांड्यांमधली बैठक स्वतः पुसली, फडकं बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "थोडा भात वाढ गं."

पूर्ण चार दिवस राहिली. ती गेल्यावर खिडकीशी तिच्या बसायच्या जागेवर मी दोन दिवस काही ठेवलं नाही.

वहिनींचं माहेर सतवासचं. तिथे त्यांचे बाबा एकटे असतात. वर्षातून एकदा येतात, ओसरीत चहा घेतात आणि त्याच दिवशी बसने परततात. बाबांना आपलं घरच बरं वाटतं, असं वहिनी हसून सांगतात. मीही आईबद्दल सगळ्यांना हेच सांगत होते. बाबांचं काय अडतं ते मला अजून कळलेलं नाही, पण मी ते शोधून काढीन, आणि वहिनींना पत्ता न लागू देता दूर करीन. वहिनी, तुमचे बाबा एक दिवस ह्या घरात मुक्कामाला राहतील. ते माझ्याकडे लागलं.