गॅरेजच्या दाराचे किती घेशील?

रंगारी नवरा घर सोडून गेला तेव्हा शिडी, ब्रश आणि अर्धा डबा प्रायमर तेवढा मागे ठेवून गेला. पोटभर रडून झाल्यावर ताईनं शिडी खांद्यावर घेतली. बाईमाणसानं रंगकाम करू नये असं सांगायला जे आले, त्यांच्याच भिंती तिनं पुढे रंगवल्या. आईवडील आधीच गेलेले, धाकटी बहीण शाळेत. धाकटीची फी, धाकटीचा चष्मा, धाकटीचं कॉलेज आणि शेवटी धाकटीचं लग्न, सगळं त्या शिडीवरूनच खाली उतरलं. लग्नातल्या फोटोत ताईनं दोन्ही हात पाठीमागे धरलेत. नखांतला रंग काही केल्या निघाला नव्हता.

धाकटीच्या नवऱ्याचा फरशांचा धंदा होता. तो वाढला तसं भाड्याचं घर गेलं, बंगला आला, बंगल्याला गॅरेज आलं. मग ताईचं जाणं कमी झालं. येऊ नकोस असं कोणी म्हटलं नव्हतं. ये म्हणायचं तेवढं राहू लागलं.

आणि एके दिवशी धाकटीचा फोन आला.

"ताई, पोरीचं जमतंय गं. मुलाकडची माणसं घर बघायला यायचीत. गॅरेजच्या दाराची पार रया गेलीय. तू किती घेशील?"

शेवटचं वाक्य ताईनं कानाआड केलं. बहिणीला बोलवायला निमित्त हवं होतं, ते दाराचं मिळालं, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं. भाचीसाठी तिनं कानातले घेतले. ही भाची तिच्याच मांडीवर वाढली होती. लहानपणी पोरीला फिट यायची. डोळे फिरवून ताठ व्हायची बिचारी. दवाखान्यात उशाशी बसायची ती ताईच. औषध लागू पडलं, फिट थांबली ती कायमची, आणि ती गोष्ट घरच्यांनी कधी बाहेर जाऊ दिली नाही.

बंगल्याच्या पायरीवर धाकटीचा नवरा दोन रंगाऱ्यांचे भाव घेऊन तयार होता.

"हा एवढे म्हणतोय, हा त्याहून जास्त. बोला ताई, तुमचं काय?"

"माझं काय असायचं? रंगाचे पैसे द्या, झालं. पोरीचं कार्य आहे."

"छे छे, फुकट नको. उद्या कोणाचं ऐकून घ्यायला नको." त्यानं जरा विचार केला आणि स्वस्तातल्या रंगाऱ्यानं सांगितले होते त्याच्या निम्मे सांगितले. "घरचं काम आहे, तेव्हा एवढे ठीक ना?"

म्हणजे उपकारही नको आणि मजुरीही नको. ताईनं धाकटीकडे पाहिलं. धाकटी कुंडीतली वाळकी पानं खुडत होती.

"ठीक," ताई म्हणाली.

दार लोखंडी, दोन झडपांचं, खालून गंजलेलं. ताईनं गंज खरवडला, काचकागद मारून पत्रा गुळगुळीत केला, प्रायमर दिला. जेवायच्या वेळी धाकटी ताट घेऊन गॅरेजमध्येच आली.

"आत सोफा नवाय गं, तुझे कपडे रंगाचे. इथंच बस ना, वारा पण आहे."

वारा कसला, गाडीच्या धुराचा वास होता. ताई पिंपावर बसून जेवली. कानातले तिनं तेव्हाच भाचीला देऊन टाकले. भाचीनं "मावशी, किती छान!" म्हणून मिठी मारली, आणि आईनं डोळे वटारताच कपड्यांना रंग लागला का ते बघत आत गेली.

रंगाचा दुसरा हात चालू होता त्या दुपारी मुलाची आई न कळवता येऊन थडकली. याच बाजूला काम होतं म्हणे. धाकटीची धावपळ उडाली. होणाऱ्या विहीणबाई मात्र दारापाशीच थांबल्या.

"काय सुरेख हात आहे हो या बाईंचा! कुठून मिळाल्या?"

ताईनं ब्रश खाली घेतला. आता ओळख करून देईल, म्हणून तिनं ओढणीनं तोंडही पुसलं.

"आहे एक ओळखीतली," धाकटी म्हणाली. "जुन्या घरापासून आमची कामं करते. स्वस्तात करते, पण मागे उभं राहावं लागतं हं, नाहीतर टंगळमंगळ करतात ही माणसं."

भाची शेजारीच होती. तिनं ओठ उघडले, आईकडे बघितलं आणि मिटले.

"आमच्याकडे याल का हो? लग्नाआधी घर रंगवून घ्यायचंय," विहीणबाईंनी विचारलं.

"येईन की बाई," ताई म्हणाली. "पत्ता सांगा."

विहीणबाई गेल्यावर धाकटी लगबगीनं बाहेर आली. "ताई, मनाला लावून घेऊ नकोस. मोठी माणसं आहेत ती. एकदा लग्न लागलं की सांगू सावकाश."

"बरोबर आहे तुझं," ताई म्हणाली, आणि उरलेली झडप इतकी झकास रंगवली की शेजारचे बघायला आले.

विहीणबाईंच्या घरी आठवडाभर काम चाललं. बाई बोलघेवडी आणि मनानं बरी. चहा स्वतः आणून द्यायची, खुर्चीवर बसवायची, पुरी मजुरी द्यायची. तिथं ताईला कोणी ताई म्हणत नव्हतं, तरी तिला बरं वाटे. तेच बहुधा जास्त झोंबत होतं.

एकदा खिडकीची चौकट रंगवताना विहीणबाई जवळ सरकल्या. "तुम्ही त्यांच्याकडे जुन्या. खरं सांगा, मुलगी कशी आहे?"

"गुणाची आहे," ताई म्हणाली. ब्रश डब्यात बुडवून काठाला निथळला. "लहानपणी फिट यायची तेवढीच काय ती काळजी."

"फिट? अगं बाई! अजून येते?"

एका वाक्यानं सगळं सावरता आलं असतं. दहा-बारा वर्षांत एकदाही नाही, एवढंच म्हणायचं होतं. ताईनं चौकटीचा कोपरा नीट भरून घेतला.

"मी बाहेरची बाई. मला काय ठाऊक?"

विहीणबाई उठून आत गेल्या. ताईनं ती खिडकी पुरी केली, मग दुसरी घेतली.

लग्न मोडलं. कारण कोणी धड सांगितलं नाही. पोरीची तब्येत, आमच्या कानावर आलं, असलं काहीतरी मोघम. चार दिवसांनी धाकटी भाचीला घेऊन ताईच्या खोलीवर आली. बंगला झाल्यापासून ती इथं पहिल्यांदाच येत होती. खाटेवर बसली आणि ताईच्या मांडीत डोकं घालून हमसून हमसून रडू लागली.

"कोणी कान फुंकले गं ताई? ती शेजारीणच असणार मेली! माझं तुझ्याशिवाय आहे तरी कोण?"

ताई तिच्या केसांतून हात फिरवत राहिली. वाईट वाटेल, जीव कळवळेल, म्हणून ती वाट बघत होती. तसं काही झालं नाही.

भाची दारापाशी स्टुलावर बसली होती. "मावशी," ती हळूच म्हणाली, "त्यांच्या घराला रंग तूच दिलास ना?"

"हो."

भाचीनं मान हलवली. कानातले काढले, खाटेच्या कडेवर ठेवले आणि बाहेर जाऊन उभी राहिली. आईला तिनं कधीच काही सांगितलं नाही. ताईशीही ती पुन्हा बोलली नाही.

धाकटी मात्र आता दर रविवारी येते. डबा भरून आणते, ताईचे पाय चेपून देते, तू बंगल्यावरच राहायला ये म्हणून हट्ट धरते. ताईनं हल्ली लांबची, रविवारची कामं घ्यायला सुरुवात केली आहे. धाकटी कुलूप बघते आणि डबा शेजारी ठेवून जाते.