व्याह्यांना हवा असलेला रिपोर्ट

तपासल्याशिवाय या जगातील कोणतीही गोष्ट स्वीकारू नये, या तत्त्वाचे माझ्या व्याह्यांइतके निष्ठेने पालन करणारा गृहस्थ धुळे आणि जळगाव या दोन्ही जिल्ह्यांत सापडणार नाही. दीपनगरच्या वीजकेंद्रात त्यांनी जन्मभर मीटर तपासले आणि निवृत्तीनंतर मीटर उरले नाहीत म्हणून उरलेले जग हाती घेतले. ताप आला की ते तीन थर्मामीटर लावून सरासरी काढतात. माझ्या मुलीच्या लग्नात मंगलाष्टके चालू असताना नवरदेवाचे वडील दिसेनात, म्हणून शोधाशोध झाली. तेव्हा हे मंडपामागे जनरेटरची अर्थिंग तपासत उकिडवे बसले होते. "गुरुजी, अक्षता नंतरही पडतील. करंट सांगून येत नाही," असे त्यांनी मला शांतपणे समजावले.

अशा घरात आमची नात तीन वर्षांची झाली तरी बोलेना, हाक मारली तरी वळून पाहीना. जळगावच्या डॉक्टरीणबाईंनी स्वमग्नतेची शक्यता सांगितली आणि थेरपीला उशीर करू नका, असेही बजावले. व्याह्यांनी मात्र रिपोर्टशिवाय काहीही सुरू होणार नाही, असे जाहीर केले आणि रक्त, एमआरआय, मेंदूचा आलेख अशी यादीच बाईंपुढे ठेवली. चिडले की ते आपल्या दोंडाईच्याच्या बोलीवर येतात. "बठ्ठं तपासा, पन मनी नातले काय शे ते कागदवर लिखी द्या!" म्हणजे सगळे तपासा, पण नातीला काय आहे ते कागदावर लिहून द्या.

बाईंनी यादी बाजूला सारली आणि यादीत नसलेली एकच चाचणी लिहून दिली: कानाची. ऐकूच येत नसेल तर मूल बोलणार कसे, म्हणून ती आधी. ही चाचणी मूल झोपेत असताना करतात. त्यामुळे त्याला पहाटे उठवून वाटेत जागे ठेवायचे असते. जागे ठेवण्याचे काम व्याह्यांनी हट्टाने स्वतःकडे घेतले. दीपनगर ते जळगाव ते गाडीत टाळ्या वाजवीत होते, कोंबड्यासारखे आरवत होते, माकडासारखे तोंड करीत होते. चाचणीच्या गार, अंधाऱ्या खोलीत पाच मिनिटांत घोरणे ऐकू आले. नात टक्क जागी होती.

तारा हातात घेतलेली तपासनीस मुलगी गोंधळून म्हणाली, "ताई, कोणाला लावू?"

"आबांनाच लाव गं," माझी मुलगी घोरणाऱ्या सासऱ्यांकडे बोट दाखवत म्हणाली. "माझं तरी कुठं ऐकतात!"

दुसऱ्या खेपेस आबांना घरीच ठेवले. नातीचे कान उत्तम निघाले, आणि "पोर पास!" असे गर्जत त्यांनी कॉलनीभर पेढे वाटले.

बाईंनीही पेढा घेतला, पण म्हणाल्या, "आबा, यातून कान चांगले आहेत एवढंच कळलं. स्वमग्नता रक्तात किंवा फोटोत सापडत नाही. तिला झटके येत नाहीत, मग आलेख कशाला? मुलाकडे बघायचं, घरच्यांना विचारायचं."

"मीटरच नाही, तर रीडिंग कसलं?" व्याही उसळले.

बाईंनी माझ्या मुलीकडे वळून विचारले, "बोट दाखवून काही मागते?"

उत्तर व्याह्यांनी दिले. "नाही. माझं मनगट धरून माठापाशी नेते."

"खेळणं आणून दाखवते?"

"नाही. उलटं करून चाकं फिरवत बसते. एकटीच."

"हाक मारल्यावर?"

"रोज सकाळी दहा वेळा मारतो. एकदाही नाही."

माझी मुलगी सासऱ्यांकडे पाहतच राहिली. थेरपी सोमवारपासून ठरली.

बाहेरच्या बाकावर ते मला म्हणाले, "गुरुजी, मला ठाऊक होतं हो. वाटलं, एखादं मशीन तरी नाही म्हणेल."

दाराशी नात लोकांच्या चपला एका रेषेत मांडत होती. थोडा वेळ पाहून व्याह्यांनी पायातल्या आपल्या चपला काढल्या आणि अलगद रांगेच्या शेवटी ठेवल्या. तिने वर पाहिले नाही. एका बोटाने त्या सरकवून सरळ केल्या.